बांबोळीच्या अलीकडे : तालुका आणि जिल्हा इस्पितळातली शस्त्रक्रिया सुधारायची तर

गोव्यात रात्री कुणाच्या पोटात असह्य दुखायला लागलं की घरात पहिला विचार होतो तो बांबोळीला, म्हणजे तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात (गोमेकॉत) न्यायचा. काणकोण, पेडणे, वाळपईचे लोक तर जातातच, पण सावंतवाडी, दोडामार्ग आणि कारवारकडचे रुग्णही गोमेकॉच्याच दारात येतात. या विश्वासाची मुळं १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेपर्यंत जातात, आणि तो विश्वास गोमेकॉने कमावलेला आहे. मात्र साधा हर्निया, गळू आणि अपेंडिक्सही त्याच रांगेत उभे राहिले, तर मेंदूला मार लागलेल्या मुलाला थिएटर मिळायला उशीर होतो. म्हणून जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या इस्पितळांत चांगली शस्त्रक्रिया होणं ही बांबोळीचीही गरज आहे.

हा लेख त्या इस्पितळांत काम करणाऱ्या सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर, वैद्यकीय अधीक्षक आणि तिथे शिकायला येणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी आहे. काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे पैसे न घालवता सुरुवात करता येते, ते यात मांडलं आहे. इस्पितळाच्या रुग्ण कल्याण समितीवर असलेल्यांनीही वाचावा, कारण अधीक्षकांना कोणते प्रश्न विचारायचे ते त्यांना यातून कळेल.

थोडी जागतिक पार्श्वभूमी सांगतो. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने जगातल्या शस्त्रक्रियेचा हिशेब मांडला. जगातल्या सुमारे ५०० कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया व भूल वेळेवर मिळत नाही, आणि दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया व्हायला हव्यात, असं त्यात निघालं. आयोगाने तीन शस्त्रक्रिया कसोटीच्या मानल्या : पोट उघडून करायची शस्त्रक्रिया, सिझेरियन आणि उघड्या अस्थिभंगावरचा उपचार. या तीन गोष्टी ज्या इस्पितळाला जमतात, त्याला बाकीचं बहुतेक जमतं. आणि त्या प्रत्येकाला दोन तासांच्या आत मिळाल्या पाहिजेत.

गोव्यात हे दोन तास जवळपास सगळीकडून गाठता येतात. काणकोणहून करमल घाट उतरून बांबोळीपर्यंत साधारण ६५ किलोमीटर. देशातल्या कितीतरी जिल्ह्यांना हे भाग्य नाही. तेव्हा गोव्याने आपली कसोटी अंतरावर लावू नये. रुग्ण पोचल्यावर पुढच्या दोन तासांत काय होतं, आणि ऑपरेशननंतरच्या तीन रात्रींत काय होतं, यावर लावावी.

आधी वही

कोणतंही यंत्र मागवण्यापूर्वी एक जाड वही घ्या, किंवा संगणकावर साधा तक्ता करा. ऑपरेशन थिएटरचं (ओटीचं) रजिस्टर सगळीकडे असतंच, पण त्यात ऑपरेशन झालं एवढंच लिहिलेलं असतं. पुढे रुग्णाचं काय झालं ते नसतं. आपल्याला तेच हवं आहे.

प्रत्येक ऑपरेशनसाठी एक ओळ. रुग्णाचा केस नंबर, वय, नियोजित की तातडीचं, कोणतं ऑपरेशन, कुणी केलं, भूल कोणती, अँटिबायोटिक किती वाजता दिलं आणि चिरा किती वाजता घेतला. मग उरलेले रकाने नंतर भरायचे : जखमेत पू झाला का, पुन्हा ओटीत न्यावं लागलं का, बांबोळीला पाठवावं लागलं का, रुग्ण जिवंत घरी गेला का. शेवटचा रकाना तिसाव्या दिवशीच्या फोनचा.

हा फोन टाळू नका. जखम चिघळते ती बहुधा सुटी मिळाल्यावर, आणि पेडण्याचा किंवा दोडामार्गचा रुग्ण टाके काढायला आपल्याकडे येईलच असं नाही, तो गावातल्या आरोग्य केंद्रात जातो. आपल्याला वाटत राहतं, सगळं छान झालं. एका सिस्टरकडे आठवड्यातून ठरलेल्या दुपारी हे काम द्या. प्रश्न चारच पुरतात : जखमेतून पाणी किंवा पू आला का, ताप आला का, पुन्हा कुठल्या डॉक्टरकडे जावं लागलं का, कामाला लागलात का. रुग्णाची भाषा कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी यांपैकी कोणती आणि फोन कोण उचलेल, हे भरती होतानाच लिहून ठेवा.

तीन महिन्यांनी वहीतून दोन आकडे काढा : शंभर ऑपरेशनांमागे मृत्यू किती, आणि किती जखमा चिघळल्या. तुलनेसाठी सांगतो. अनेक देशांतल्या इस्पितळांचा एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियांनंतर जखम चिघळण्याचं प्रमाण त्यात विकसित देशांत ९.४ टक्के, मध्यम विकसित देशांत १४ टक्के आणि मागास देशांत २३.२ टक्के निघालं. आपला आकडा याहून फारच सुंदर दिसला, तर आधी फोन खरंच होतात का ते तपासा.

काय इथे, काय तिकडे

जागतिक बँकेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अत्यावश्यक शस्त्रक्रियांच्या यादीत ४४ गोष्टी आहेत, आणि त्यातल्या २८ पहिल्या पातळीच्या इस्पितळात व्हाव्यात अशी शिफारस आहे. आपल्या इस्पितळाची अशी यादी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी एकत्र बसून करावी. तिचे तीन भाग : दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा करणार ते, फक्त दिवसा पूर्ण चमू असताना करणार ते, आणि स्थिर करून पाठवणार ते. ही यादी कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावा. रात्रीच्या तरुण डॉक्टरला मग एकट्याने धैर्य गोळा करत बसावं लागत नाही.

पाठवणं हाही उपचारच आहे. गोव्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठी हे आपण करून दाखवलंय : तालुक्याच्या केंद्रात ईसीजी काढायचा, तज्ज्ञाने दूरवरून वाचायचा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच द्यायचं आणि मग रुग्ण गोमेकॉत हलवायचा. शस्त्रक्रियेच्या रुग्णालाही हीच शिस्त लावा. फुटलेल्या अल्सरचा रुग्ण १०८ मध्ये चढण्यापूर्वी दोन सलाईनच्या सुया, नाकातून नळी, लघवीची नळी, अँटिबायोटिकचा पहिला डोस आणि वेदनाशामक, एवढं झालेलं असावं. पोटदुखीच्या रुग्णाला वेदनाशामक दिल्याने निदान लपतं, हा समज जुना झाला. माणसाला तासभर तळमळत ठेवू नका.

दुचाकीच्या अपघातात हाड बाहेर आलेला मुलगा आला, तर अँटिबायोटिक तासाभराच्या आत, जखमेचा एक फोटो, ढोबळ घाण काढून ओलं निर्जंतुक ड्रेसिंग आणि हाडाला आधाराची खपाची. पुढे प्रत्येकाने उघडून बघायचं नाही, फोटो बघायचा. रक्तस्राव असेल तर तो कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत, मग १ ग्रॅम आठ तासांत. अपघातापासून तीन तासांच्या आत सुरू केलं तरच त्याचा उपयोग, हे २०१० च्या मोठ्या चाचणीनंतर स्पष्ट झालं. तीन तास उलटल्यावर दिलं तर अपाय होऊ शकतो. बांबोळीला पोचेपर्यंत थांबायचं नाही, ते याचसाठी.

आणि फोन करा. चिठ्ठीवर 'पुढील उपचारासाठी' एवढंच लिहून रुग्ण पाठवला, तर तिथल्या निवासी डॉक्टरला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. कोण, काय झालं, आपण काय केलं, आपल्याला काय वाटतं, या क्रमाने दोन मिनिटं बोललात तरी पुरतं. उलट दिशेने बांबोळीनेही सुटीच्या कागदावर तालुका इस्पितळासाठी दोन ओळी लिहाव्यात : टाके केव्हा काढायचे, कोणतं लक्षण दिसलं तर परत पाठवायचं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी

गोव्यात इथे एक गोष्ट सगळ्यांत आधी बघावी लागते, ती म्हणजे साखर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात २६.४ टक्के निघालं, देशात सर्वाधिक. म्हणजे मोठ्या माणसांच्या यादीत दर चौथा रुग्ण मधुमेही असू शकतो, आणि त्यातल्या कित्येकांना ते ठाऊकही नसतं. तेव्हा चाळिशीपुढच्या प्रत्येकाची साखर भरतीच्या वेळी तपासा. ऑपरेशनच्या आसपास ती २०० च्या खाली राहिली पाहिजे. ऑपरेशन थांबू शकत असेल आणि साखर फार चढलेली असेल, तर तारीख पुढे ढकलणं हे काम टाळणं नव्हे. मधुमेही पायांचे रुग्ण तर आपल्या वॉर्डात कायमच असतात. त्यांच्यासाठी आठवड्यातला एक दिवस ठरवून फिजिशियन आणि ड्रेसिंगच्या सिस्टर एकत्र बसल्या, तर कितीतरी बोटं आणि पाय वाचतात.

उपाशी ठेवण्याबद्दलही बोललं पाहिजे. रात्री बारापासून पाण्याचा थेंब नाही आणि ऑपरेशन दुपारी एकला, असं सर्रास चालतं. पाणी, साखरेचा कोरा चहा, गाळलेलं सरबत दोन तास आधीपर्यंत चालतं. हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत. आपल्याकडची पेज मात्र खाण्यात धरायची, पाण्यात नाही. 'नुसती पेज घेतली' म्हणणाऱ्या रुग्णाला भूलतज्ज्ञ परत पाठवतात ते बरोबरच आहे. आदल्या संध्याकाळी हे रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला त्यांच्या भाषेत सांगा, खाटेला चिठ्ठी लावा.

संमतीपत्रही त्याच भाषेत हवं. खाणीवर, बांधकामावर आलेल्या कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या मजुराचा अंगठा इंग्रजी कागदावर घेऊन संमती मिळत नाही.

केस वस्तऱ्याने काढू नका. अडथळा होत असेल तर क्लिपर, नाहीतर राहू द्या.

थिएटरमध्ये

जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षा-यादी २००८ साली आली. एकोणीस मुद्दे, तीन थांबे : भूल देण्यापूर्वी, चिरा घेण्यापूर्वी, रुग्ण ओटीतून बाहेर नेण्यापूर्वी. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ इस्पितळांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर आलं, असं २००९ साली प्रसिद्ध झालं. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने ती १०१ इस्पितळांत लागू केली. २०१४ साली निकाल आला, तेव्हा लक्षणीय फरक दिसला नाही. दोन्ही अभ्यास खरे आहेत. यादी मोठ्याने वाचली, सगळे थांबले, एकमेकांची नावं कळली, तर ती काम करते. ऑपरेशन संपल्यावर सिस्टरने एकटीने सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या, तर तो नुसता कागद.

म्हणून अंमलबजावणीची एक युक्ती : पहिला महिना फक्त मधला थांबा घ्या. सर्जनने हातात ब्लेड घेण्यापूर्वी सिस्टर मोठ्याने विचारणार, आणि उत्तर मिळेपर्यंत ब्लेड देणार नाही. हा अधिकार अधीक्षकांनी तिला लेखी द्यायचा. अँटिबायोटिक गेल्या तासाभरात दिलं का, हा प्रश्न याच थांब्यावर येतो, आणि एवढ्यानेही वहीतला आकडा हलू लागतो. तो थांबा अंगवळणी पडला की पहिला आणि तिसरा जोडा. कापडाच्या पट्ट्यांची आणि सुयांची मोजणी तिसऱ्यात.

भुलेच्या टेबलावर पल्स ऑक्सिमीटर नसेल तर ऑपरेशन सुरू करायचं नाही, यावर तडजोड नको. पूर्ण भूल देत असाल तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्रही असावं. श्वासाची नळी चुकून अन्ननलिकेत गेली तर ते पहिल्या काही श्वासांत सांगतं, ऑक्सिमीटर सांगेपर्यंत मोलाची मिनिटं जातात.

एक स्वस्त सुधारणा : पोट बंद करण्यापूर्वी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि टाके घालायला वेगळ्या निर्जंतुक हत्यारांचा संच घ्यायचा. भारतासह सात देशांत १३ हजारांहून अधिक रुग्णांवर ही चाचणी झाली. २०२२ साली निकाल आला तो असा, की जखम चिघळण्याचं प्रमाण १८.९ वरून १६ टक्क्यांवर आलं. बंद करायचा छोटा संच वेगळा बांधून ठेवायला फार तर सहा-सात हत्यारं लागतात.

आता निर्जंतुकीकरण, आणि त्यात गोव्याचा पावसाळा. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, वातानुकूलन यंत्राच्या जाळीवर बुरशी धरते, कपाटातली बांधलेली गाठोडी दमट होतात. ओलं गाठोडं निर्जंतुक नसतं, ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, आत्ताच काढलेलं असलं तरी. ऑटोक्लेव्ह कोंबून भरू नका, सुकण्याचा वेळ कापू नका, गाठोडी जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर ठेवा. बाहेरच्या पट्टीवर रेघा काळ्या झाल्या म्हणजे गाठोडं उष्णतेतून गेलं एवढंच कळतं. आत रासायनिक निर्देशक हवाच, आणि आठवड्यातून एकदा जंतूंच्या बीजाणूंची चाचणी. तिचा निकाल वहीत चिकटवायचा. फॉर्मालिनची धुरी देऊन ओटी शुद्ध झाली असं मानणंही आता सोडायला हवं. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे. रोजची पुसणी, खेळती गाळलेली हवा आणि बंद राहणारा दरवाजा यांची जागा ती घेऊ शकत नाही. मोठ्या दुरुस्त्या गणेशचवथीच्या दिवसांत काढा. तेव्हा नियोजित रुग्ण स्वतःच पुढची तारीख मागतात.

वॉर्डातली रात्र

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण माझ्या मते तालुका इस्पितळातली शस्त्रक्रिया सुधारते किंवा बुडते ती इथेच.

आफ्रिकेतल्या २५ देशांत ११ हजारांवर शस्त्रक्रिया-रुग्णांचा आठवडाभर मागोवा घेणारा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिथले रुग्ण जगाच्या सरासरीपेक्षा वयाने तरुण आणि कमी आजारी होते, तरी मृत्यूचं प्रमाण २.१ टक्के, म्हणजे जागतिक प्रमाणाच्या दुप्पट. आणि या मृत्यूंपैकी जवळजवळ ९५ टक्के ऑपरेशनच्या दिवशी झालेच नव्हते, ते नंतरच्या दिवसांत झाले. टेबलावर सगळं ठीक झालं होतं. नंतर कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं पण कुणाला बोलावलं नाही.

हे गोव्यात वेगळं कसं असेल? संध्याकाळी सर्जन समाधानाने घरी जातो. रात्री एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा. पहाटे तीनला रुग्णाचा श्वास वाढतो, नाडी १२०, लघवी कमी. सोबतची बायको सांगते, 'ते अस्वस्थ आहेत'. झोपेचं औषध दिलं जातं. सकाळच्या राउंडला रक्तदाब लागत नाही.

यावर पहिलं काम : रुग्णाच्या खाटेशी रंगीत तक्ता, ज्यात सात गोष्टी भरायच्या. श्वासाची गती, ऑक्सिजनची पातळी, ऑक्सिजन लावलाय का, रक्तदाब, नाडी, शुद्ध, तापमान. ब्रिटनमधल्या गुणांकन पद्धतीत यांना गुण देतात, आणि बेरीज ५ झाली की डॉक्टरने तातडीने बघायचं, ७ झाली की धावत यायचं. आपल्याकडे बेरीज जमेपर्यंत चार लाल रेघा आखा : श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त, वरचा रक्तदाब ९० किंवा कमी, नाडी १३० च्या पुढे, ऑक्सिजन ९१ किंवा कमी. यातली एकही रेघ ओलांडली की फोन. पाचवी रेघ लघवीची : साठ किलोच्या माणसाला तासाला ३० मिलिलिटरपेक्षा कमी, सलग दोन तास.

श्वास घड्याळ लावून मोजायचा. बहुतेक तक्त्यांवर प्रत्येक रुग्णाचा श्वास १८ किंवा २० लिहिलेला असतो, म्हणजे तो मोजलेलाच नसतो. आणि शरीर बिघडत असल्याची पहिली खूण बहुधा श्वासच देतो.

दुसरं काम जास्त अवघड आहे. त्याच आफ्रिकी संशोधकांनी पुढे ३३२ इस्पितळांत चाचणी केली : धोक्याचे रुग्ण ओळखून त्यांच्यावर जास्त देखरेख ठेवायची. मृत्यू घटले नाहीत. ज्या इस्पितळात मनुष्यबळच नाही, तिथे 'जास्त लक्ष ठेवा' सांगितल्याने हात वाढत नाहीत. तेव्हा देखरेखीच्या सूचनेबरोबर तीन गोष्टी द्याव्या लागतात. धोक्याचे दोन-तीन रुग्ण सिस्टरच्या टेबलाशेजारच्या खाटांवर हलवा. यात खर्च शून्य. रात्री नऊला मावळत्या आणि उगवत्या पाळीने खाटेपाशी उभं राहून त्या रुग्णांची नावं घ्या. आणि रात्री कुणाला उठवायचं त्याचं नाव फळ्यावर लिहा. पहिल्याने दहा मिनिटांत उत्तर दिलं नाही तर दुसरं नाव.

फोन केला म्हणून सिस्टरला कधीही झापायचं नाही. दहा वेळा विनाकारण फोन आला तरी अकराव्या वेळी 'बरं झालं सांगितलंत' म्हणायचं. हे वरिष्ठांनी एकदा मोडलं तर तक्ता, रेघा, फळा सगळं त्या रात्रीपासून बंद पडतं. वर्षानुवर्षं मी हेच पाहत आलो आहे.

सोबतच्या माणसालाही कामाला घ्या. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी त्याला सांगा : श्वास धाप लागल्यासारखा झाला, घाम फुटला, बडबड सुरू झाली, पट्टी भिजली, तर लगेच सांगायचं. बायको किंवा आई रुग्णाला आपल्यापेक्षा जास्त ओळखते.

शिकवणं जिथे रुग्ण आहेत तिथे

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा इस्पितळात काम करणं २०२० च्या नियमांनी बंधनकारक केलं. गोव्यासाठी ही मोठी संधी आहे. म्हापसा आणि मडगाव बांबोळीपासून इतके जवळ आहेत, की शिक्षकही येऊ शकतात आणि विद्यार्थ्याला शिक्षणापासून तुटल्यासारखंही वाटत नाही. पण बऱ्याच ठिकाणी हा विद्यार्थी ओपीडीतली गर्दी उपसायला वापरला जातो. तसं होऊ देऊ नका.

पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर बसून लॉगबुक उघडा. प्रत्येक ऑपरेशनसमोर चार पायऱ्या : पाहिलं, मदत केली, देखरेखीखाली केलं, एकट्याने केलं. तीन महिन्यांत कोणती पाच-सहा ऑपरेशनं कोणत्या पायरीपर्यंत न्यायची ते लिहा. हर्निया, अपेंडिक्स, हायड्रोसील, मधुमेही पायाची सफाई, छातीत नळी घालणं, उघड्या अस्थिभंगाची धुलाई, ही नेमकी तालुक्याला लागणारी कामं आहेत, आणि ती इथे बांबोळीपेक्षा जास्त हाताला येतात. प्रत्येक ऑपरेशननंतर पाच मिनिटं, हात धुता धुता : काय चांगलं जमलं, पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट वेगळी करायची. एकच गोष्ट. त्याच्याकडून वहीतले तीन महिन्यांचे आकडे काढून घ्या आणि ते त्यानेच बैठकीत मांडावेत.

हाताचा सराव ओटीबाहेर व्हावा. गाठी मारायला खाटेचा दांडा आणि सुतळी पुरते. त्वचेचे टाके बाजारातून आणलेल्या डुकराच्या पायावर, आतड्याचा जोड खाटकाकडच्या आतड्यावर. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा खोका, वर दोन भोकं, आत दिवा आणि मोबाइलचा कॅमेरा. मणी एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर हलवायचे, कापडावर काढलेलं वर्तुळ कापायचं. रोज वीस मिनिटं केली तर महिन्याभरात हात बदललेला दिसतो. मात्र ऑटोक्लेव्ह नीट चालत नसताना दुर्बिणीचा संच विकत घेऊ नका.

साधनांच्या बाबतीत आपल्याच भाषेतला एक थोर धडा आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्र टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीच्या कापडाचे निर्जंतुक तुकडे हर्नियासाठी वापरले आणि आपले निकाल प्रसिद्ध केले. पुढे युगांडात याची काटेकोर चाचणी झाली. २०१६ च्या निकालात एका वर्षानंतर स्वस्त आणि महाग जाळीत लक्षणीय फरक आढळला नाही. हे वाचून कुणी बाजारातली मच्छरदाणी कापू नये. कोणता धागा, निर्जंतुक कसा करायचा, हे सारं ठरलेलं आहे. घ्यायची ती वृत्ती : अडचण ओळखा, उपाय करा, निकाल मोजा आणि जगासमोर ठेवा.

शिकवलेला माणूस टिकतो कुठे, याचंही उत्तर अनुभवातून मिळालं आहे. पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेच्या सर्जन-महाविद्यालयाला स्वतःची इमारत लागत नाही. ते मान्यताप्राप्त इस्पितळांतच शिकवतं, आणि त्याचे दहातले आठाहून अधिक पदवीधर जिथे शिकले त्याच देशात राहिले. मोझांबिकने १९८४ पासून डॉक्टर नसलेले शस्त्रक्रिया-तंत्रज्ञ तयार केले. सात वर्षांनंतर त्यातले ८८ टक्के ग्रामीण इस्पितळातच होते, तिथे नेमलेला डॉक्टर मात्र एकही उरला नव्हता. एकेकाळी पणजीच्या वैद्यकीय शाळेत शिकलेले गोंयकार डॉक्टर याच मोझांबिकमध्ये नोकरीला जात, हे आठवून मला ते आकडे आणखी जवळचे वाटतात. भारतात डॉक्टर नसलेल्याने शस्त्रक्रिया करावी असं मी म्हणत नाही. पण ओटी सिस्टर, भूल-तंत्रज्ञ, निर्जंतुकीकरण विभागाचा (सीएसएसडी) कर्मचारी आणि सफाई कामगार यांना तिथल्या तिथे, त्यांच्या भाषेत शिकवलं तर तेच इस्पितळाची स्मरणशक्ती बनतात. सर्जन बदलून जातो, ते राहतात. म्हणून अधीक्षकांना एकच विनंती : शिकलेली ओटी सिस्टर काही महिन्यांत दुसऱ्या वॉर्डात टाकू नका.

महिन्याची बैठक

महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, तासभर. प्रत्येक मृत्यू आणि दोन-तीन गुंतागुंती. डॉक्टरांबरोबर सिस्टर आणि तंत्रज्ञही बसतील. कुणाचं चुकलं हा प्रश्न विचारायचाच नाही. कोणत्या वेळी आपल्याला वेगळं काही करता आलं असतं, असं विचारायचं. सूत्रधार सर्वांत वरिष्ठ सर्जन नसावा, कारण त्यांच्यासमोर कुणी बोलत नाही. बैठक संपताना एकच बदल ठरवा, त्याला एक नाव आणि एक तारीख. पुढची बैठक त्या बदलापासून सुरू होईल. पंधरा ठराव केले तर एकही होत नाही.

रुग्णाच्या खिशाकडे

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असलं तरी ऑपरेशनचा खर्च ऑपरेशनपुरता नसतो. सत्तरी तालुक्यातल्या काजूच्या बागेत राबणाऱ्या माणसाची बुडालेली रोजंदारी, सोबतच्याचं जेवण, बसच्या फेऱ्या, हे कोणतंही कार्ड भरत नाही. ऑपरेशनची तारीख रद्द झाली की हा सगळा खर्च दुप्पट. म्हणून रद्द झालेल्या प्रत्येक ऑपरेशनचं कारण त्याच वहीत लिहा : रक्त नव्हतं, साखर वाढली होती, कपडे धुऊन आले नव्हते, वेळ संपली. तीन महिन्यांत कारणं पुन्हा पुन्हा तीच दिसतील, आणि त्यातली निम्मी आदल्या दिवशीच्या एका फोनने टळण्यासारखी असतील.

सुरुवातीचे सहा महिने

पहिल्या महिन्यात वही आणि तिसाव्या दिवसाचा फोन, बाकी काही नाही. दुसऱ्यात मधला थांबा आणि अँटिबायोटिकची वेळ. तिसऱ्यात एका वॉर्डात लाल रेघांचा तक्ता, तोही फक्त पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांसाठी. चौथ्यापासून मासिक बैठक, पाचव्यात बंद करायचा वेगळा संच. सहाव्यात गोमेकॉच्या विभागाला आकड्यांसह बोलावून निवासी डॉक्टरांच्या तीन महिन्यांचा आराखडा एकत्र ठरवायचा. एखादी गोष्ट जमली नाही तर पुढची सुरू करू नका. तीच आणखी एक महिना चालू द्या.

आणि हे सगळं सुरू करणाऱ्याची बदली होणार हे गृहीत धरा. पहिल्याच आठवड्यात एक जोडीदार निवडा, शक्यतो अनुभवी सिस्टर, आणि प्रत्येक बैठकीला दोघांनी मिळून बसा. वही, तक्त्यांचे कोरे नमुने, संमतीपत्रांच्या चारही भाषांतल्या प्रती आणि रात्री उठवायच्या माणसांची यादी एका फायलीत ठेवा. ती फाइल तुमच्या कपाटात नको, ओटीच्या टेबलावर हवी, म्हणजे नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरला ती पहिल्याच सकाळी दिसेल.